मोठं रजिस्टर

त्याला उचलायला दोन हात लागतात. एका हातानं ओढलं की पुठ्ठ्याचा सांधा कुरकुरतो आणि टेबलापलीकडून भाऊसाहेब, म्हणजे शाळेचे कारकून, म्हणतात, "हळू. खालून हात घाला." तान्ह्या पोराला घेताना मानेखाली हात घालायला सांगतात ना, तसं. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात ते आडवं पडून असतं, खारव्याच्या लाल फडक्यात बांधलेलं. उभं ठेवलं तर स्वतःच्या वजनानं पानं शिवणीतून सुटतात, म्हणून आडवं. फडक्याची गाठ सोडली की पहिल्यांदा वेखंडाचा वास येतो, मग जुन्या कागदाचा, आणि त्याच्याही खाली कुठंतरी ओल्या भिंतीचा. आमच्या शाळेच्या ऑफिसचा वास कसा होता असं मला कुणी विचारलं, तर मी त्याचाच वास सांगेन.

सरकारी भाषेत त्याचं नाव 'जनरल रजिस्टर नंबर १'. शाळा सोडल्याच्या प्रत्येक दाखल्यावर खाली छापलेलं असतं की वरील माहिती शाळेतील जनरल रजिस्टर नंबर एकप्रमाणे बरोबर आहे. शाळेत मात्र त्याला कुणी असं म्हणत नाही. भाऊसाहेब, शिपाईमामा, मोठ्या बाई, सगळे 'मोठं रजिस्टर'च म्हणतात. घरात थोरल्या माणसाचं नाव घेत नाहीत, तसं काहीसं. पुढं त्याची धाकटी भावंडं आली. एक भरलं की दुसरं, असे आता पाच खंड आहेत. पण 'मोठं' म्हटलं की आधी पहिलंच डोळ्यांसमोर येतं, आणि बाकीचीही त्याच नावानं ओळखली जातात.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशाची कोरडी हवा जिथून सुरू होते तिथलं आमचं गाव. हायस्कूल स्वातंत्र्याच्या आधीचं, एका पडीक वाड्याच्या सोप्यात सुरू झालेलं. तेव्हापासूनची प्रत्येक मुलगी आणि प्रत्येक मुलगा या रजिस्टरांतून गेला आहे. तरी आम्ही त्याला फार थोडं ओळखत होतो. ते कधी वर्गात आलं नाही. हजेरीचं पुस्तक रोज यायचं, त्याच्याशी आमची ओळख होती, त्याला आम्ही 'हजर' म्हणायचो. मोठ्या रजिस्टरासमोर विद्यार्थी आयुष्यात दोनदाच उभा राहायचा, येताना आणि जाताना. पाचवीत नाव घालायला वडिलांबरोबर गेले, तेव्हा टेबलाची कड माझ्या हनुवटीला लागत होती. तेव्हाच्या भाऊसाहेबांनी टाक दौतीत बुडवला, कडेला निथळला आणि माझं नाव लिहायला घेतलं. माझं नाव इतक्या सावकाश आणि इतक्या मोठ्या पानावर लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

स्वभावानं ते फार बोलकं नाही. ते सगळ्यांना तेच प्रश्न विचारतं आणि त्याच क्रमानं विचारतं. विद्यार्थ्याचं संपूर्ण नाव. जात व पोटजात. जन्मस्थळ. जन्मतारीख, आधी अंकी, मग अक्षरी. यापूर्वीची शाळा. प्रवेशाची तारीख आणि इयत्ता. मग मधे काही वर्षं ते गप्प बसतं. नंतर एकदम शेवटचे प्रश्न: प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. पाटलाच्या मुलाला एक प्रश्न जास्त नाही आणि गावकुसाबाहेरून आलेल्या मुलीला एक कमी नाही. प्रत्येकाला एक ओळ. पुढं कुणी कलेक्टर झालं तरी ती ओळ रुंद होत नाही.

जन्मतारखेपाशी मात्र त्याचा एक फार हळवा इतिहास आहे. १९५०, १९६०च्या पानांवरून बोट खाली नेलं की एकच तारीख पुन्हापुन्हा भेटते: एक जून, एक जून, एक जून. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या किती माणसांचा कागदावरचा वाढदिवस १ जूनला येतो! आईबापांना तारीख माहीत नसायची. सुगीत झाला, पटकीच्या साली झाली, थोरलीच्या पाठचा, एवढंच सांगता यायचं. जूनमध्ये शाळा उघडायची, तेव्हा पोराचं वय भरावं म्हणून मास्तर अंदाजानं वर्ष धरायचे आणि १ जून लिहायचे. माझ्या शेजारी बाकावर बसणाऱ्या मुलीचं असंच झालं. आम्ही दोघी एकाच दिवशी नाव घालायला गेलो होतो. माझ्या आईनं माझी तारीख पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. तिचे वडील म्हणाले, "भूकंपाच्या वर्साची हाय." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. भाऊसाहेबांनी लिहिलं, १ जून १९६७. अक्षरी: एक जून एकोणीसशे सदुसष्ट. माझ्या ओळीच्या बरोबर खाली.

एकदा लिहिलं की ते बदलत नाही. खाडाखोड त्याला चालत नाही. चूक झालीच तर तांबड्या शाईची एक सरळ रेघ, वरती दुरुस्ती आणि मुख्याध्यापकांची सही. खालचं मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर जन्मतारखेत किंवा जातीच्या नोंदीत शिक्षण खात्याच्या परवानगीशिवाय काना-मात्रासुद्धा हलत नाही. यावरून ऑफिसात झालेली भांडणं मी पाहिली आहेत. निवृत्ती तोंडावर आलेला माणूस दोन वर्षं कमी करून मागायचा, कुणी आडनाव बदलून मागायचा. भाऊसाहेब चिडायचे नाहीत. रजिस्टर त्याच्याकडे फिरवून ठेवायचे आणि म्हणायचे, "हे बघा, हे असं आहे."

या रजिस्टरांचं मोल मला कळलं ते आमच्या शाळेत नाही, साताऱ्यात. तिथं जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरत असे. पुढं त्याला छत्रपती प्रतापसिंहांचं नाव मिळालं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टर क्रमांक १९१४. त्यासमोर त्या लहान मुलाची सही आहे. शाळेनं ते पान जपून ठेवलं, आणि २०१७पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मी नेहमी विचार करते तो त्या दिवशीच्या कारकुनाचा. आपण काय लिहितो आहोत याची त्याला कल्पना असण्याचं कारणच नव्हतं. त्याच्या दृष्टीनं १९१३ झाला होता आणि १९१५ यायचा होता. त्यानं नेहमीसारखं नीट लिहिलं, आणि त्याच्यानंतरच्या कितीतरी अनाम माणसांनी ते पुस्तक पावसात भिजू दिलं नाही, रद्दीत घातलं नाही. कुणाची ओळ पुढं काय होणार आहे हे माहीत नसताना सगळ्याच ओळी सांभाळायच्या, हे काम त्या लोकांनी केलं. त्या पानाला जपणं म्हणजे त्यावरच्या, अलीकडच्या-पलीकडच्या, सगळ्या मुलांनाही जपणं आहे.

आमच्या मोठ्या रजिस्टरात एवढं तेजस्वी नाव नाही. पण जिल्ह्यावर काय काय गुदरलं ते त्याला माहीत आहे. भूकंपानंतरच्या जूनमध्ये 'यापूर्वीची शाळा' या रकान्यात अचानक पाटणकडच्या शाळा दिसू लागतात. घर पडलं म्हणून मामाकडे, आत्याकडे शिकायला आलेली ती पोरं. १९७२च्या दुष्काळात प्रवेश रोडावतात आणि उजवीकडचा रकाना भरतो. 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' एकाखाली एक. ती पोरं त्या वेळी आईबापांबरोबर खडी फोडायला गेली होती. मग १९८२. जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जूनमध्ये आमच्या वर्गात लालबाग-परळची पोरं येऊन बसली. त्यांची चप्पल वेगळी, बोलणं वेगळं, ती गच्चीवर पतंग उडवल्याचं सांगायची. आम्हाला मजा वाटली होती. रजिस्टरात त्या महिन्याची पानं पाहिली आणि मला पहिल्यांदा कळलं की ती मजा नव्हती. एकेका घरातली तिघं-तिघं भावंडं एकाच दिवशी दाखल झालेली आहेत. पगार थांबलेल्या बापांनी बायकामुलांना गावी धाडलं, त्याची ती यादी आहे. संपाचा इतिहास लिहिणारे गिरणीच्या दारात गेले, युनियनच्या कचेरीत गेले. त्यांनी आमच्या शाळेचं कपाटही उघडायला हवं होतं.

सगळ्यात जड आहे तो 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना. मुलांच्या बाबतीत 'पुढील शिक्षणासाठी', 'मुंबईस नोकरीनिमित्त', 'शेतीकामासाठी'. मुलींच्या ओळींपुढं १९६०च्या, १९७०च्या पानांवर एकच शब्द: लग्न. सातवीतून लग्न, आठवीतून लग्न. १९७८ साली कायदा बदलून मुलीचं लग्नाचं किमान वय अठरा झालं, आणि आमच्या रजिस्टरातून तो शब्द नाहीसा झाला. लग्नं तशीच होत राहिली. फक्त त्या जागी 'घरगुती अडचण' असं येऊ लागलं. कायद्याच्या धाकानं कारकुनानं शब्द बदलला, पण पुस्तक खोटं पडलं नाही, कारण 'घरगुती अडचण' फक्त मुलींच्याच ओळींत आहे. ही पानं मी सलग वाचली त्या दुपारी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

म्हातारपण त्याला हळूहळू आलं. पहिल्या खंडाचा कागद पुढच्या खंडांपेक्षा चांगला आहे. युद्धाच्या वर्षांतला कागद मात्र हलका, पिवळा, कडेनं बिस्किटासारखा तुटणारा. जुन्या निळ्याकाळ्या शाईत लोह असतं, ती वर्षांनुवर्षं कागद आतून खात राहते. काही सह्यांच्या जागी आता सहीच्या आकाराचं भोक आहे. कसर लागली, एका पावसाळ्यात कपाटावरची कौलं सरकली आणि तळाची वीसेक पानं एकमेकांना चिकटली. पण सगळ्यात जास्त त्याला थकवलं ते आमच्या गरजेनं.

जातपडताळणीसाठी पुरावा लागतो तो जुना. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०च्या, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या. या तारखा आमचे भाऊसाहेब झोपेत सांगतील. ज्या घरात सातबारा नाही, जमिनीचा कागद नाही, त्या घराचा सगळ्यात जुना लेखी पुरावा म्हणजे आजोबा शाळेत गेल्याची ही एक ओळ. आजोबा एकच वर्ष शाळेत गेले असले, तरी नातवाचा इंजिनियरिंगचा प्रवेश तिच्यावर टिकतो. २०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तर शाळेच्या ऑफिससमोर सकाळपासून माणसं बसू लागली. म्हाताऱ्या बाया पणजोबांचं नाव पुटपुटत यायच्या. दर वेळी फडकं सुटायचं, पुस्तक पालथं घालून झेरॉक्सच्या काचेवर दाबलं जायचं, पुठ्ठा आणखी थोडा उसवायचा. मागं कुणीतरी काळजीनंच फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावली होती. ती पिवळी पडून कडक झाली आणि तिच्या खालची अक्षरं घेऊन निघू लागली.

आणि आम्ही माजी विद्यार्थी? आमचा संघ तेव्हा दोन वर्षांचा होता. दहावीच्या बॅचांचे व्हॉट्सअॅपवर गट झाले, त्यातून गणपतीच्या सुट्टीत मेळावा झाला, गुरुजनांना शाली दिल्या, डोळे पुसले. पुण्या-मुंबईहून, दोघंतिघं आखातातून, पैसे पाठवायला तयार होते. काय करायचं यावर चर्चा झाली. कुणाला कमान बांधायची होती, कुणाला रंगमंच, कुणाला डिजिटल वर्ग. देणाऱ्याचं नाव कोरता येईल अशा वस्तूंकडे आमचा ओढा होता, हे मला आज स्पष्ट दिसतं. मीही त्यांच्यातच होते. मी कमानीच्या बाजूनं बोलले होते.

भाऊसाहेब चहा घेऊन आले होते. कप ठेवता ठेवता ते म्हणाले, "कमान नंतर करा. आधी मोठ्या रजिस्टराचं बघा. पुढच्या पावसाळ्यात ते निघायचं नाही."

अनुदानित शाळेत पगार सरकारकडून येतो. कपाट, बाइंडिंग, कौलं यांसाठी वेतनेतर अनुदान असतं, आणि ते किती पुरतं हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारावं. भाऊसाहेबांनी त्याआधी तीन वर्षं स्वतःच्या पैशातून वेखंड आणून टाकलं होतं. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

गावाबाहेर पडलेल्यांनी मागं वळून गावाच्या शिक्षणासाठी काही देणं, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. महर्षी कर्वे सतरा वर्षांचे असताना मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेला आले होते आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. ही हकिगत पाठ्यपुस्तकातून आपल्याला माहीत असते. त्यांनीच पुढं मुंबईत शिक्षकाची नोकरी करताना 'मुरुड फंड' काढला, हे कमी जणांना माहीत असतं. पोटासाठी बाहेर गेलेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला ठरलेला थोडा अंश गावच्या कामासाठी द्यायचा, अशी ती कल्पना होती. वर्गणी लहान, पण चुकवायची नाही. आम्ही तोच धडा घेतला. एकदाच मोठी देणगी नको, दरमहा शंभर रुपये. ज्याला जमेल त्यानं जास्त द्यावे, पण पाटी कुणाचीच लागणार नाही.

मग सुरू झालं ते मला आजवर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा आवडलेलं काम. पुण्याच्या एका जाणत्या बाईंनी दोन दिवस येऊन शिकवलं. चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. फाटलेल्या पानाला पातळ जपानी कागद लावायचा, तोही गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं. ही खळ पुढं कधी पाण्यानं परत काढता येते, म्हणजे आमचं चुकलं तर नंतरच्या माणसाला सुधारता येईल. एक गोष्ट जपताना तिला कायमची बांधून टाकायची नाही, ही दृष्टी मला फार मोठी वाटली. वर्गातल्या एका मित्राचं सांगलीत फोटोचं दुकान. त्यानं उभा कॅमेरा आणि काचेची चौकट आणली, म्हणजे पुस्तक पालथं दाबावं लागणार नाही. पानागणिक फोटो काढायला तीन दिवाळीच्या सुट्ट्या आणि एक मे महिना गेला. पहिल्या खंडातले काही शेरे मोडीत आहेत. आमच्या आधीच्या बॅचचे एक निवृत्त तलाठी नाना आले, चष्मा पुसला आणि घडाघडा वाचू लागले. नानांनी पस्तीस वर्षं जमिनीचे वाद वाचले होते. इथं ते वाचत होते, 'मुलगा हुशार, फी माफ करावी.' वाचता वाचता थांबायचे.

एक वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पुण्यातल्या आमच्या तरुण मंडळींना सगळी पानं इंटरनेटवर घालायची होती. घरबसल्या आजोबा सापडतील, हेलपाटे वाचतील, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. पण त्या पानांवर प्रत्येकाची जात आहे, जन्मतारीख आहे, 'नादारी' आहे, 'वर्तणूक असमाधानकारक' आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना कुणी विचारलेलं नाही. मी विरोध केला, आणि आजही माझं मत तेच आहे. शेवटी ठरलं की फोटो शाळेतच राहतील, दोन ठिकाणी. नाव आणि वर्ष यांची सूची तेवढी संगणकावर. आता कुणी आलं की भाऊसाहेब सूचीत नाव शोधतात, पडद्यावर पान दाखवतात, उताऱ्यावर शिक्का देतात. मोठं रजिस्टर कपाटातच राहतं. त्याला आता कोरडं, वारा खेळतं असं स्टीलचं नवं कपाट मिळालं आहे. खारव्याचं फडकं मात्र जुनंच. मामांनी धुऊन, वाळवून परत बांधलं.

सूची करताना मी आणि माझी भाची नावं टाइप करत होतो. ती वाचायची, मी टाइप करायची. माझा जूनचा महिना आला. तिनं माझं नाव वाचलं, हसली. मग खालची ओळ वाचली. जन्मतारीख १ जून १९६७. शाळा सोडली नोव्हेंबर १९८०, इयत्ता आठवी. प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली. कारण: घरगुती अडचण. शेरा: नाव कमी केले.

माझी बोटं थांबली. आमच्या बॅचच्या गटात एकेचाळीस जण आहेत. मेळाव्याची निमंत्रणं मीच केली होती. 'एकही राहता कामा नये' असं मीच लिहिलं होतं. साडेतीन वर्षं जिच्या कंपासमधली पेन्सिल मी वापरली, जिच्याबरोबर डबा खाल्ला, ती माझ्या यादीत नव्हती. ती दहावीला नव्हती म्हणून नव्हती. बॅच म्हणजे दहावीची बॅच, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की तिची आठवणही झाली नाही. त्या संध्याकाळी आम्ही आमच्या पाचवीच्या प्रवेशाची ती दोन पानं पुन्हा काढली आणि मोजली. त्यांतल्या चौदा मुलींपैकी दहावीपर्यंत पोचल्या पाच. बाकीच्या नऊ कुठल्याच गटात नाहीत.

संघाच्या घटनेत आम्ही लिहिलं होतं, 'शाळेतून उत्तीर्ण झालेला कोणीही'. पुढच्या सभेत ती ओळ बदलली: 'ज्याचे अथवा जिचे नाव जनरल रजिस्टरात आहे ती प्रत्येक व्यक्ती'. फारसा विरोध झाला नाही. एकजण म्हणाले, आता एवढ्या सगळ्यांना शोधायचं कसं? नाना तलाठी म्हणाले, जन्मस्थळाचा रकाना आहे की. गाव लिहिलंय, तिथं जायचं.

आणि खरंच तसंच शोधलं. तिच्या माहेरच्या वाडीत भाऊ भेटला, त्यानं सासरचं गाव सांगितलं, कोरेगावच्या पलीकडे. मी एकटीच गेले. ओसरीत ती शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "अगं, तू व्हय!" पुढं बराच वेळ आम्ही दोघी शेंगाच फोडत होतो.

ती शाळेत आली ती उन्हाळी सुट्टीत. संगती तिची नात होती, सातवीतली. व्हरांड्यात पाऊल टाकताना तिनं चपला बाहेर काढल्या; मामा म्हणाले, "राहू द्या ताई," तरी काढल्या. भाऊसाहेबांनी पडदा चालू करायला घेतला, मग माझ्याकडे पाहिलं आणि उठून कपाटाकडे गेले. फडकं सोडलं. खालून हात घालून तो खंड टेबलावर ठेवला आणि पान उघडून तिच्याकडे फिरवलं.

तिनं चष्मा लावून आधी माझी ओळ वाचली, मग स्वतःची. डावीकडून उजवीकडे, प्रत्येक रकान्यापाशी बोट थांबवत. 'घरगुती अडचण' पाशी बोट जरा जास्त थांबलं. नातीनं विचारलं, "आज्जी, अडचण म्हंजी?" ती काही बोलली नाही. बोट पुढं सरकलं. शेवटचा रकाना, 'दाखला मिळाल्याची सही', तो कोरा होता.

"ह्ये काय?" तिनं विचारलं.

"दाखला न्यायला कुणी आलंच नाही तेव्हा," भाऊसाहेब म्हणाले.

"मंजी माझा दाखला हितंच हाय?"

भाऊसाहेबांनी खणातून दाखल्यांचं पुस्तक काढलं. रजिस्टरावरून एकेक नोंद उतरवली, आधी अंकी, मग अक्षरी. मोठ्या बाईंनी सही केली, शिक्का उमटवला. मग भाऊसाहेबांनी शाईचं पेन तिच्या हातात दिलं आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"सही कंच्या नावानं करू? बचत गटात मी सासरचं लावती."

"रजिस्टरात आहे त्या नावानं."

तिनं पेन धरलं. पहिलं नाव सहज आलं. वडिलांच्या नावापाशी ती थांबली, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं आणि लिहिलं. आडनावाचं पहिलं अक्षर काढलं, मग दुसरं. चाळीसहून अधिक वर्षांत तिनं ते लिहिलं नव्हतं. नात टेबलावर वाकून बघत होती. शेवटचा काना देऊन तिनं पेन खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले.

शाई ओली होती. भाऊसाहेबांनी पंखा बंद केला आणि ती वाळेपर्यंत रजिस्टर उघडंच ठेवलं.